कोंडा उडवलेली जीप

जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन लिलावाची भाषा निराळीच असते, आणि ती समजायला मला बरीच वर्षं लागली. 'किरकोळ काम बाकी' असं लिहिलेलं असलं की इंजिन जागेवर आहे का, ते आधी विचारावं. 'एकहाती वापर' म्हणजे शेवटचा हात एकाचा होता, त्याआधीचे हात कुणी मोजलेले नसतात. 'कागदपत्रांची कटकट नाही' हे बहुतेक वेळा खरं निघतं, कारण कागदपत्रंच नसतात. फोटो नेहमी एकाच बाजूचे असतात, आणि काढण्याआधी गाडीवर बादलीभर पाणी ओतलेलं असतं, म्हणजे विटलेला रंगही चमकतो. मी ब्रह्मपुरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. मुलं उत्तरपत्रिकेत जे काय रचून लिहितात, त्यापेक्षा हे लिलाववाले कितीतरी कल्पक आहेत. खरं सांगायचं तर मला त्यांचंच वाचण्यात जास्त गोडी वाटते.

आम्हा जुन्या जीपवाल्यांचा फोनवर एक गट आहे. फसून फसून आमच्यात एक पद्धत पडली आहे. लिलावात निघालेली गाडी ज्याच्या घरापासून जवळ असेल, त्यानं आधी जाऊन ती बघून यायची. या माणसाला आम्ही 'बघ्या' म्हणतो. बघ्यानं चहापलीकडे काही घ्यायचं नाही. जे दिसलं ते सगळं गटावर, सगळ्यांसमोर लिहायचं. आणि बघून आलेल्या गाडीवर त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी बोली लावायची नाही, नाहीतर जो तो गाडीला नावं ठेवून स्वतःच स्वस्तात उचलेल. वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे गाडी निघाली की बघ्या मीच. माझ्या खिशात जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक असतं. ते पत्र्यावरून फिरवायचं, आणि जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नसून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असं समजायचं. चंद्रपुरातल्या एका गाडीच्या दारावर ते कुठंच चिकटलं नव्हतं, आणि मालक मात्र ओरिजिनल पत्रा म्हणून आईची शपथ घेत होता. माझा स्वभाव तापट. खोटं हाती लागलं की मला गप्प बसवत नाही. बायको विचारते, तुम्ही गाडी बघायला जाता की भांडायला.

गेल्या उन्हाळ्यात गटातल्या पुण्याच्या एका गृहस्थांनी मला एक जाहिरात पाठवली. गाडी धानोऱ्याच्या पुढच्या एका गावातली. 'आजोबांची जीप. पंधरा वर्षं गोठ्यात झोपलेली. कुणी हात लावलेला नाही.' फोटोत गोठ्याच्या अर्ध्या उजेडात एक जुनी जीप उभी होती, आणि टपापासून टायरपर्यंत अंगभर तपकिरी धूळ. आमच्या मंडळींना अशा धुळीचं भारी वेड. नवा रंग दिसला की नाक मुरडतात, पॉलिश दिसलं की पळतात, पण धूळ दिसली की विरघळतात. धूळ खोटं बोलत नाही, असं आमचे गृहस्थ मोठ्या अभिमानानं सांगत. लिलाव रविवारी संध्याकाळी संपणार होता. त्याआधी जाऊन या, अशी त्यांनी विनंती केली.

वाटेत गडचिरोलीला माझी मोठी बहीण राहते. ती आरोग्य खात्यात नर्स होती, आता निवृत्त आहे. जेवायला तिच्याकडे थांबलो आणि सहज तो फोटो दाखवला. तिनं चष्मा लावला, फोन हातात घेतला, आणि हातातला घास तसाच राहिला. मग म्हणाली, मीबी येतो.

ती का येते आहे ते मला लगेच कळलं. नोकरीच्या सुरुवातीला ताईची नेमणूक धानोऱ्याच्या आतल्या भागात एका दवाखान्यात होती. दवाखान्याला असलीच जीप होती. एका पावसाळ्यात ड्रायव्हर तापानं फणफणून आपल्या गावी गेलेला असताना नाल्यापलीकडच्या पाड्यावरून निरोप आला, एक बाई अडली आहे. जीप अंगणात उभी होती. किल्ली खिळ्याला टांगलेली होती. आणि चालवता येणारं कुणीच नव्हतं. ताई बैलगाडीनं गेली, बैलगाडीनंच त्या बाईला घेऊन आली. बाई वाचली, बाळ वाचलं नाही. नाल्याला त्या दिवशी पाणी फार नव्हतं, जीप सहज निघाली असती, असं नंतर ड्रायव्हरच म्हणाला. तो बोलून मोकळा झाला, पण ताईच्या मनातून ती किल्ली काही गेली नाही.

पुढं पन्नाशीनंतर ताई गाडी चालवायला शिकली. आमच्या घराण्यातली पहिली बाई. तिची छोटी पांढरी कार ती गडचिरोलीच्या बाजारातूनही सफाईनं काढते. पण जसजशी ती सफाईदार होत गेली, तसतसा तो प्रश्न तिला जास्तच टोचू लागला. हे तर इतकं सोपं आहे, मग त्या दिवशी मी किल्ली घेऊन नुसतं बसून तरी का पाहिलं नाही? हे तिनं मला एकदाच, विहारातून परत येताना सांगितलं होतं. एकदा तसलीच जीप त्या नाल्यातून घालून पाहायची, एवढंच तिला हवं होतं. माझ्या मित्रांच्या जीप मी देऊ केल्या होत्या. पण आमच्या मंडळींनी आपापल्या जीपना पॉवर स्टीअरिंग आणि नवी इंजिनं बसवली आहेत, आणि काही जण तर त्या शेडच्या बाहेरही काढत नाहीत. ताईनं अशी एक चालवून पाहिली आणि म्हणाली, हे तं माह्या कारवानीच आहे.

तर आम्ही दोघं त्या गावात पोचलो. मालक पस्तिशीचा, हसतमुख, त्या भागात प्रवासी जीप चालवणारा माणूस. गोठा घरामागं होता. मी चुंबक काढलं, पण त्याची गरजच पडली नाही. पहिली शंका धुळीनंच आणली. धूळ वरून पडते. टपावर, बॉनेटवर, चाकांच्या मडगार्डवर तिचा थर बसतो, उभ्या पत्र्यावर ती जेमतेम टिकते. इथं मात्र वर-खाली, आडवी-उभी, सगळीकडे सारखीच धूळ. बॉनेट उघडलं तर त्याच्या आतल्या बाजूलाही. मी बोट फिरवून वास घेतला. धूळ नव्हतीच ती. राइस मिलमधला भाताचा कोंडा होता, आणि तो चिकटावा म्हणून खाली जळक्या ऑइलचा हात फिरवलेला होता.

मग मला चेवच चढला. आमच्याकडे गाडी एक पावसाळा उभी राहिली की कुंभारमाशी तिच्या प्रत्येक भोकात मातीचं घर बांधते. सायलेन्सरच्या तोंडात तर हमखास. मी बोट घातलं, मातीचा कणही नाही, बोट काळं कुळकुळीत होऊन बाहेर आलं. शेवटी मागच्या बाकाची फळी उचलली तर खाली मोहफुलं सांडलेली. पिवळसर, अजून मऊ, वास घमघमत होता. पंधरा वर्षांची मोहफुलं असती तर मुंग्यांनी देठही ठेवला नसता. ती याच हंगामातली होती.

मी त्या माणसावर बरसलो. लोकांना काय मूर्ख समजतोस, पोलिसात देईन, वगैरे माझं नेहमीचं सगळं बोलून झालं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, घरातून चहा मागवला आणि म्हणाला, "सर, आधी धुवून, पॉलिश मारून टाकली होती. महिनाभर एक फोन नाई. मंग कोंडा उडवून गोठ्यात लावली, तं पुण्या-मुंबईचे फोन थांबूनच नाई राह्यले. आता तुमीच सांगा, चूक माही का त्याह्यची?"

आजवर मी मोडकी गाडी चालती म्हणून विकणारे शेकड्यानं पाहिले होते. चालती गाडी मोडकी म्हणून विकणारा हा पहिलाच. राग बाजूला राहिला आणि मला त्याचं विलक्षण कुतूहल वाटू लागलं. रोज राबणाऱ्या जीपला कुणी हिंग लावून विचारत नाही, आणि तीच मेल्याचं सोंग घेऊन पडली की तिच्यावर उड्या पडतात, हे या माणसानं कुणीही न शिकवता ओळखलं होतं.

ताईला यातल्या कशाशीही देणंघेणं नव्हतं. ती कोंड्यातून हात घालून स्टीअरिंग धरून उभी होती. "चालते का रे भाऊ?" एवढंच तिनं विचारलं. त्यानं किल्ली फिरवली आणि जीप पहिल्याच फटक्यात सुरू झाली. ताईचा चेहरा मी पाहिला. गिअरबॉक्स जुनाच होता, स्टीअरिंगही जुनंच. बॉडी तीन गाड्यांची जोडलेली होती, पण ते तिला सांगून उपयोग नव्हता. तिनं थोडी चालवू का म्हणून विचारलं, तर त्यानं कान धरले. लिलाव संपेपर्यंत गाडी जागची हलवता येत नव्हती. गिऱ्हाईकं रोज नवा फोटो मागत, आणि कोंड्यावर बोट उठलेलं दिसलं तरी त्यांना संशय येई. मी बोटं फिरवलेल्या जागी तो माणूस बोलता बोलताच नवा कोंडा टाकत होता.

परतताना ताई म्हणाली, ही मले घ्याची आहे. मी कपाळाला हात लावला. मी बघ्या, ती माझ्या घरची. नियम सरळ आड येत होता. बरं, खरं न लिहावं तर कोंड्याच्या जोरावर बोली आकाशाला भिडणार आणि ताईच्या आवाक्यात काही ती राहणार नाही. आणि खरं लिहावं, तर सगळे माघार घेणार, जीप ताईला मिळणार, आणि बघ्यानं नावं ठेवून बहिणीला स्वस्तात मिळवून दिली असं जो तो म्हणणार. म्हणजे खरंच लिहून मी खोटा पडणार होतो. इतकी वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडण्यात घालवलेल्या माणसाला हे सोसवत नव्हतं, आणि मी गडचिरोली येईपर्यंत धुसफुसत होतो. ताई शेवटी कंटाळली. "खरं आहे ते लिव ना. अन् माह्यी बहीण बोली लावते, हेबी लिव. लपवाचं काऊन?"

मी तसंच केलं. कोंडा, जळकं ऑइल, सायलेन्सर, मोहफुलं, तीन गाड्यांची बॉडी, सगळं फोटोसकट गटावर टाकलं. खाली लिहिलं की ही जीप माझ्या बहिणीला चालवायला हवी आहे, त्यामुळे या गाडीपुरतं मी बघ्याचं काम सोडतो, आणि कुणाची हरकत असेल तर तिला बोली लावू देणार नाही. मग एकेकानं अंगठे दाखवले. काहींनी नमस्काराचे हात जोडले. मला फार बरं वाटलं. आपली माणसं शेवटी सरळ आहेत, असं मी बायकोला सांगितलंसुद्धा.

रविवारी संध्याकाळी ताईच्या घरी आम्ही फोन मधे ठेवून बसलो. ताईनं आपली बोली लावली. मला वाटलं होतं, तीच शेवटची ठरेल. पण बोली चढू लागली, थांबेचना. ज्यांनी आधी त्या जीपकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तेही उतरले. ताईनं जमवून ठेवलेलं होतं तिथवर ती गेली, मग तिनं फोन उलटा करून ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. जीप पुण्याच्या त्याच गृहस्थांना गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. मी संतापून विचारलं, सगळं लिहिलं होतं ना मी, वाचलं नाहीत का? ते समजूतदारपणे हसले. म्हणाले, "सर, राग मानू नका. तुमच्या घरचंच माणूस घेतंय म्हटल्यावर आम्ही काय ते समजलो. मोहफुलांची कल्पना मात्र सुरेख होती हं."

मी जे खरं लिहिलं होतं, त्याचाच त्यांनी कोंडा केला होता. फसवणुकीच्या इतक्या तऱ्हा या लोकांना पाठ झाल्या होत्या की सरळ सांगितलेली गोष्ट ऐकायला त्यांचे कान उरले नव्हते. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त ताईचं वाईट वाटलं. मी खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. त्या आठवड्यात ताईनं आपली कारही बाहेर काढली नाही.

मग पुण्याहून पुन्हा फोन. जीप न्यायला त्यांनी मोठा ट्रेलर ठरवला होता, आणि गावाकडच्या अरुंद रस्त्यानं आत जायला ट्रेलरवाला तयार नव्हता. तो गडचिरोलीत थांबणार. जीप तिथवर आणायची कशी? पंधरा वर्षं बंद गाडी, तेव्हा मेकॅनिक पाठवू का, क्रेन मिळेल का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, क्रेन नको, माझी बहीण चालवत आणेल. त्यांना ती गंमत वाटली असावी. मग म्हणाले, जमत असेल तर अवश्य आणा. फक्त एक करा, धूळ तेवढी पुसू नका.

मी ताईला सांगितलं तेव्हा ती चिंच निवडत होती. सूप बाजूला सारून ती तशीच उठली.

मालकानं पुढची काच तेवढी पुसून दिली. ताई बसली, साडीचा पदर खोचला, किल्ली फिरवली. आणि तिथूनच सगळं बिघडलं. क्लच इतका कडक की तिला सीटवरून अर्धं उठून दाबावा लागे. पहिला गिअर पडताना दात खाल्ल्यासारखा आवाज झाला आणि गाडी दणका देऊन बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा बंद. मालक हसू दाबत बाजूला उभा. गाडी जागेवर असताना स्टीअरिंग तिच्या दोन्ही हातांनी हलेना. ब्रेकला दोनदा-तीनदा पाय मारल्याशिवाय तो लागतच नव्हता. मी मधे बोलायला गेलो तर तिनं एका नजरेनं मला गप्प केलं. इतकी वर्षं सफाईनं कार चालवणारी बाई त्या गावच्या रस्त्यावर घामाघूम होऊन बेडकासारखी उड्या मारत निघाली. कोंडा भसाभस उडून आमच्या नाका-तोंडात गेला.

ताईचा तो नाला याच वाटेवर लागतो. त्यावर आता पूल आहे. ताईनं पुलाकडे पाहिलंही नाही. शेजारच्या जुन्या उतारावर तिनं जीप घातली. उन्हाळ्याचं घोटाभर पाणी, खाली वाळू आणि गोटे. मध्यावर येऊन गाडी बंद पडली. चाकं वाळूत रुतली. पुढच्या चाकांची ताकद जोडायला वेगळा दांडा ओढावा लागतो, तो कुठला आणि कधी, हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, तिनं दोन्ही हातांनी ओढला, तो बसेना. पाय सीटला टेकवून ओढला तेव्हा बसला. मग पुन्हा किल्ली, पुन्हा क्लच, गाडी गुरगुरत, डोलत, कशीबशी पलीकडच्या चढावर आली आणि तिथं तिनं ती बंद केली. एका बाजूचा कोंडा पाण्यानं धुऊन गेला होता.

ताई स्टीअरिंगवर हात ठेवून बसली होती. समोर तो पाडा दिसत होता. मला वाटलं, रडते आहे, आणि होतीही रडत. पण तिनं माझ्याकडे तोंड वळवलं तेव्हा ती हसत होती, लहानपणी परीक्षेचा निकाल घेऊन घरी यायची तेव्हा हसायची तशी.

"नसतं जमलं, बाबू," ती म्हणाली. "तवा मले नसतंच जमलं."